शिमोन वाक्रुळकरची तोफ शुक्रवारी थांबली

शिमोन वाक्रुळकरनं तोफ चोरली आणि नेऊन माळरानात पुरली, ही बातमी लीड्समधल्या मराठी घरांतून एका आठवड्यात फिरली. लंडनच्या ईलिंगला पोहोचेपर्यंत एका तोफेच्या तीन झाल्या होत्या. इल्फर्डला तर कोणीतरी शिमोनच्या मेहुण्याला फोन करून विचारलं, "जामीन झाला का हो?"

आता खरं काय ते ऐका. तोफ चोरीची नव्हती. रीतसर सही करून ताब्यात घेतलेली होती, आणि सही मोठ्या झोकदार अक्षरात होती. ती पुरलेलीही नव्हती. तिच्यावर दीड फूट बर्फ साचला होता, आणि तो काही शिमोननं पाडला नव्हता. पोलीस आले होते हे मात्र खरं. पण आला तो एकच कॉन्स्टेबल, आणि तो उजव्या रांगेत तिसरा, छातीला कॅनव्हासचा पट्टा लावून घाम गाळत तीच तोफ ओढत होता.

शिमोन १९६४ साली बायकोला, रिवकाला घेऊन मुंबईहून आला आणि लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्टोअर्समध्ये लागला. स्टोअर्स तळघरात. खिडकी नाही, उजेड नाही. वर सूर्य आहे की सुट्टीवर गेलाय, हे खाली कळायला मार्ग नाही. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं शिमोनच्या हातून जायचं. फाटलेलं काही दिसलं की तो ते परत पाठवत नसे, खिशातून सुई काढून तिथेच टाका घालायचा. हात शिवल्याशिवाय राहत नसे, त्याला तो काय करणार?

त्याआधीची चौदा वर्षं त्यानं देवळालीला, तोफखान्याच्या डेपोत काढली होती. "मी चौदा वर्षं तोफखान्यात होतो," असं तो सांगायचा, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त तिथे तो तोफांचे झगे शिवायचा. पावसापाण्यानं लोखंड गंजू नये म्हणून प्रत्येक तोफेला मापाचा कॅनव्हासचा झगा लागतो. शिमोननं दोनशे अकरा तोफांची मापं घेतली होती. कुठली कमरेत किती आणि गळ्याला किती, ते त्याला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. पण चौदा वर्षांत एकाही तोफेला "चल" किंवा "थांब" म्हणायची संधी त्याला कोणी दिली नाही. हवालदार ओरडायचे, तोफा हलायच्या, आणि शिमोन बाजूला दोऱ्याचं रीळ धरून उभा. ते त्याच्या मनात सलत राहिलं होतं. रिवकाला माहीत होतं. आणि शेजारचे डॉक्टर शशिधर पाटणकर, हॉस्पिटलात हाडं बसवणारे, त्यांनाही माहीत होतं, कारण दर रविवारी चहाला आला की शिमोन त्यांच्या टेबलावर साखरेचं भांडं पुढेमागे करत हुकूम द्यायचा.

तर १९७५च्या ऑक्टोबरात हॅरल्ड ब्रॉडबेंट नावाचे निवृत्त इतिहासमास्तर पित्ताशय काढून घ्यायला हॉस्पिटलात आले. हे गृहस्थ एका लढाई मंडळाचे अध्यक्ष. मंडळ कसलं, तर रविवारी रविवारी जुने कपडे घालून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. खाटीक, बँकवाले, लायब्ररीवाले, खाणीतले लोक, सगळे एकमेकांवर लाकडी बंदुका रोखतात आणि मग एकत्र बिअर प्यायला जातात. गोऱ्या माणसाला सुट्टी मिळाली की तो असंच काहीतरी करतो.

त्या वर्षी त्यांचा बेत मोठा होता. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध बंड झालं, तेव्हा बंडखोरांनी साठेक अवजड तोफा भर हिवाळ्यात, बर्फातून, घसरगाड्यांवर लादून, बैल जुंपून तीनशे मैल ओढत आणल्या आणि बॉस्टन शहरापुढे टेकडीवर नेऊन मांडल्या. त्या पाहिल्या आणि इंग्रज सैन्य शहर सोडून गेलं. हेच आपण यॉर्कशरच्या मूरमध्ये करून दाखवायचं, असं ब्रॉडबेंटनी ठरवलं होतं. मूर म्हणजे मैलोगणती उघडं माळरान; औषधाला झाड नाही, मेंढ्या सोडल्या तर बोलायला माणूस नाही. साठ तोफा मंडळाकडे नव्हत्या, एक होती. हल बंदराच्या गोदीजवळ भंगारात मिळालेली, सोळा मण वजनाची. बैलही नव्हते. ओढायला तयार झालेले वीस सभासद होते.

शिमोन चादर बदलायला वॉर्डात गेला होता. ब्रॉडबेंट त्याला म्हणाले, "तुम्ही कुठले?"

"मुंबईचा. त्याआधी चौदा वर्षं तोफखान्यात."

ब्रॉडबेंट टाके विसरून उठून बसले. "तोफा हाताळल्यात?"

"दोनशे अकरा," शिमोन म्हणाला. यातही खोटं काही नव्हतं.

पंधरा दिवसांत मंडळाच्या कमिटीनं ठराव केला. शिमोन वाक्रुळकर, तोफेचे कप्तान, या एका मोहिमेपुरते. रविवार, २५ जानेवारी १९७६, दुपारी बारा वाजता खालच्या गावाच्या मैदानावर लढाई सुरू होईल. तोवर तोफ टेकडीवर पोहोचली तर कप्तानपद आणि कप्तानाची तिकोनी टोपी कायमची शिमोनची. नाही पोहोचली तर दोन्ही टॉम सगडनला. सगडन म्हणजे खाटीक, मंडळात पंधरा वर्षं, मानेचा घेर एकोणीस इंच. "तोफेचे झगे शिवणारा शिंपी आमचा कप्तान!" असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला. शिमोननं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग त्याच्या छातीचं माप घेतलं, कारण वीसही जणांचे ओढायचे पट्टे त्यालाच शिवायचे होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वाक्रुळकर हे पेणजवळच्या वाक्रुळचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे. शनिवार हा शब्बाथ, त्या दिवशी काम नाही. माणसानं नाही आणि बैलानंही नाही. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो आणि शनिवारी तीन चांदण्या दिसल्या की सुटतो. शिमोन बाकी फार कडक नव्हता. हॉस्पिटलच्या कँटीनमधलं काय खावं, यावर त्याची आणि त्याच्या अंतःकरणाची बरीच वर्षं तडजोड चालू होती. पण शब्बाथ म्हणजे शब्बाथ. तो त्यानं देवळालीत मोडला नव्हता, आगबोटीवर मोडला नव्हता.

शिमोन काही बावळट नव्हता. त्यानं आराखडाच तसा आखला. एकूण बारा मैल. गुरुवारी चार, शुक्रवारी पाच, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला मूरच्या माथ्यावरच्या सराईत पोहोचून मुक्काम. शनिवारी पूर्ण विश्रांती. रविवारी सकाळी उरलेले तीन मैल, सगळे उताराचे. कमिटीनं विचारलं, शनिवारी विश्रांती कशाला? शिमोन गंभीरपणे म्हणाला, "बैलांना लागते." ब्रॉडबेंटनी वहीत लिहून घेतलं.

आणि शुक्रवारचे सहा कुठून आले? ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी शिमोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसला होता. भिंतीवर सिनेगॉगनं दिलेलं वेळापत्रक, पण त्याचा चष्मा वरच्या खोलीत राहिला होता. रिवका नारळाच्या दुधातलं मटण ढवळत होती.

"रिवका, शुक्रवारी दिवे किती वाजता लावायचे गं?"

"सहा," रिवका म्हणाली. कोणत्या शुक्रवारी, ते तिनं विचारलं नाही. यानंही सांगितलं नाही.

कोकणात सूर्य सरकारी कारकुनासारखा वागतो. ऑक्टोबर असो की जानेवारी, सहा-साडेसहाच्या आसपास टेबल आवरतो. यॉर्कशरचा सूर्य तसा नाही. जानेवारीत तो दुपारचा चहा घेतो आणि निघून जातो. अकरा वर्षं इथे राहिलेल्या माणसाला हे कळायला नको? पण अकरा वर्षं तो दिवसा तळघरात होता, आणि शुक्रवारी तीनला सुटून घरी यायचा तेव्हा दिवे लावायची वेळ सांभाळणं हे रिवकाचं खातं होतं. हाडात मुरलेले सहा तसेच राहिले.

गुरुवारची चाल सुरेख झाली. शिमोननं वीस जणांच्या दोन रांगा लावल्या. छातीची मापं त्याच्याजवळ होतीच; दोन्ही बाजूंचा जोर सारखा येईल अशी माणसं निवडून जुंपली. डावीकडे सगडन आला तर उजवीकडे खाणीतले दोघे. बँकेतला एक इकडे, लायब्ररीतला एक तिकडे. आणि स्वतः पुढे उभा राहून, कोळी होडी ओढतात तशी आरोळी दिली, "ओढा रे, हैय्या!"

वीस गोरे एका दमात म्हणाले, "हैय्या!" आणि सोळा मणांची तोफ लोण्यातून सुरी जावी तशी बर्फातून सरकली. शिमोनचं सगळं आयुष्य त्या आवाजाची वाट पाहत होतं. त्यानं "थांब" म्हटलं, ती थांबली. गरज नसताना आणखी दोनदा "चल" आणि "थांब" म्हणून पाहिलं. ब्रॉडबेंटनी वहीत लिहिलं, की बंडखोरांची अस्सल आरोळी सापडली.

मोहिमेचे डॉक्टर म्हणून शशिधर बरोबर होते. डोक्यावर पांढरा विग, खाली हॉस्पिटलचे गमबूट. ते म्हणाले, "शिम्या, लेका, तू तर पेशवाईत जन्मायचास."

"पेशवाईत झगे कोणी शिवले असते?" शिमोन म्हणाला, पण त्याची मान ताठ होती.

शुक्रवारी बर्फ दाट झाला. तरी तीन मैल झाले. दोन राहिले. मेंढ्यांचा एक दगडी गोठा लागला, तो मागे टाकणार इतक्यात शिमोनला आपली सावली दिसली. ती तोफेइतकी लांब झाली होती. त्यानं मागे वळून पाहिलं. सूर्य टेकडीवर टेकला होता.

"शशी, किती वाजले?"

"चार दहा."

"तुझं घड्याळ थांबलंय."

"घड्याळ चाललंय, बाबा. सूर्य चाललाय."

शिमोन जागच्या जागी उभा राहिला. माथ्यावरची सराई इथून दिसत होती. चिमणीतून धूर निघत होता. दोन मैल, दोन तास. मागे वीस माणसं पट्टे ताणून "हैय्या"ची वाट पाहत होती. आणि त्याच वेळी लीड्समध्ये रिवकानं दिवे लावले, डोळ्यांवर हात धरले आणि आशीर्वाद अर्धा म्हणून झाल्यावर तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई! मी सहा म्हणाले!"

"तोफ इथेच राहील," शिमोन म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत."

सगडन पुढे आला. "इथे? या गोठ्यात? समोर सराई आहे, शेकोटी आहे, बिअर आहे!"

"आहे."

"मग?"

"मग सूर्य बुडाला."

"सूर्य रोज बुडतो, माणसा!"

"पण आज शुक्रवार आहे," शिमोन म्हणाला.

ब्रॉडबेंट मृदू आवाजात म्हणाले, "मिस्टर वाक्रुळकर, फक्त दोन मैल. कोणाला कळणार आहे?"

त्यावर शिमोननं वर बोट दाखवलं. सगळ्यांनी वर पाहिलं. वर एक कावळा होता.

सैन्य तोफ सोडून जात नाही, हा ब्रॉडबेंटचा नियम, त्यामुळे सराईला चालत जाणंही आलं नाही. तेवीस माणसं गवताच्या भाऱ्यांवर, मेंढ्यांच्या शेजारी. रिवकानं थर्मासमध्ये काळ्या मनुकांचं सरबत भरून दिलं होतं, किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथ लागला की पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी. शिमोननं उभं राहून प्रार्थना म्हटली. रम असेल या आशेनं अठराजण पेले घेऊन रांगेत उभे राहिले. पहिल्या घोटानंतर जी शांतता पसरली, तशी शांतता मंडळाच्या कुठल्याही लढाईत कधी पसरली नव्हती.

झोपण्याआधी शशिधर हळूच म्हणाले, "शिमोन, टोपी जाईल रे."

"माहीत आहे."

"तुला हवी होती."

"अजूनही हवी आहे," शिमोन म्हणाला आणि कूस बदलली. त्याला झोप लागली नाही, हे शशिधरना कळलं, कारण झोप त्यांनाही लागली नाही. मेंढ्या घोरतात.

शनिवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की हात लांब केला तर बोटं परदेशी गेल्यासारखी वाटायची. सगडननं जाहीर केलं, कप्तान बसला तर बसला, तोफ निघेल. शिमोन म्हणाला, "मी अडवत नाही. शब्बाथ माझा आहे, तुमचा नाही. पण ऐकाल तर आज सगळ्यांनी विश्रांती घ्या. उद्या ताज्या दमानं पाच मैल चार तासांत होतील."

"बैलांना लागते विश्रांती," सगडन म्हणाला. "आम्ही माणसं आहोत." आणि त्यानं रांगा बदलल्या. सैन्यात हुद्दा पाहतात, छाती नाही, असं म्हणून सार्जंट आणि वरचे सगळे त्यानं मानाच्या डाव्या बाजूला घेतले. आता मंडळातले हुद्देवाले म्हणजे जुने सभासद, आणि जुने सभासद म्हणजे वीस-वीस वर्षं बिअर आणि बीफवर पोसलेले गडी. उजवीकडे उरले ते बँक, लायब्ररी आणि सर्दी झालेला कॉन्स्टेबल. दिशा दाखवायला ब्रॉडबेंट होकायंत्र घेऊन तोफेला अगदी खेटून चालले. सोळा मण लोखंडाच्या शेजारी होकायंत्राची सुई बिचारी काय करणार? तिनं उत्तर सोडून तोफेचा ध्यास घेतला.

ते गेले. "हैय्या" लांब लांब होत धुक्यात विरला. शिमोन गोठ्याच्या दारात दगडावर बसून राहिला. डॉक्टर मागे थांबले होते. शब्बाथला दुसऱ्यानं आपल्यासाठी चूल पेटवलेलीही चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी प्रायमस पेटवला.

"हे बघ, मी माझ्यासाठी चहा करतोय. तुझ्यासाठी नाही."

"नकोच करू माझ्यासाठी."

"पण मला अंदाज नाही. जास्त झाला तर?"

"तर फेकू नये," शिमोन म्हणाला. "अन्न आहे."

डॉक्टरांचा अंदाज त्या दिवशी चार वेळा चुकला. सुलक्षणावहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळींनी दिलेला चिवडाही जास्तच निघाला. शिमोन घोट घेत होता, पण कान धुक्याकडे. आपल्याशिवाय तोफ चालतेय, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. "डावीकडचा जोर जास्त होतोय," तो मध्येच म्हणाला. "आवाजावरून कळतं."

"तू काम करू नकोस. विचार हेही काम आहे."

"विचार नाही करत. ऐकतोय."

दुपारी तीनच्या सुमारास धुक्यातून पुन्हा "हैय्या" ऐकू आला. तो उलट बाजूनं येत होता. मग पट्टे दिसले, मग लालबुंद तोंडं, मग तोफ. दगडी भिंत, छप्पर आणि दारात बसलेला माणूस पाहून सगडननं दोन्ही हात वर केले आणि आनंदानं ओरडला, "पोहोचलो! ही सराई!"

मग त्याला माणूस ओळखू आला.

तोफ जिथून सकाळी निघाली होती, त्या खड्ड्यापासून चार फुटांवर येऊन उभी होती. मूरभर एक मोठं वर्तुळ काढून आली होती.

शिमोननं चहाचा पेला खाली ठेवला. "आमचा घाण्याचा बैल शनिवारी सुट्टीवर असायचा," तो म्हणाला. "तुम्ही मात्र शनिवारीच घाण्याला जुंपून घेतलंत."

सगडननं पट्टा काढून जमिनीवर आपटला. खाणीतला एकजण हसू लागला आणि मग त्याला थांबता येईना.

पाच वाजता अंधार झाला. आता निघायचं का, असं ब्रॉडबेंटनी विचारलं. शिमोन म्हणाला, तीन चांदण्या दिसल्या की. धुक्यात चांदण्या! तरी वीसजण बाहेर आले आणि माना वर करून उभे राहिले. सव्वापाचला बँकवाला ओरडला, "एक!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांदणी जवळ जवळ येत गेली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही अजून इथेच?" तो मेंढपाळ होता, हातात टॉर्च. कॉन्स्टेबल नाक शिंकरून म्हणाला, "याला एक धरा. दोन राहिल्या." पण शिमोननं काही धरलं नाही. आकाश मोकळं असतं तर आता तीन सोडा, तीनशे दिसल्या असत्या, अशी त्याची खात्री पटली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, आणि काळोखात त्या बर्फात तोफ हलवायची हिंमत खुद्द सगडनलाही नव्हती.

रविवारी उजाडल्याबरोबर शिमोननं पुन्हा छातीच्या हिशोबानं रांगा लावल्या. कोणी हुद्द्याचं नाव काढलं नाही. आरोळी दिली, तोफ निघाली. पण शनिवारच्या वर्तुळानं माणसांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. दर पन्नास पावलांवर कोणीतरी बसायचा. अकराला ते जेमतेम सराईशी पोहोचले. शिमोन घसा बसेपर्यंत ओरडला. उतारावर तोफ पुढे धावू नये म्हणून पाठीमागच्या दोराला स्वतः लटकला. एका ठिकाणी कॅनव्हासचा पट्टा उसवला, तर त्यानं बर्फात गुडघे टेकून, बोटं निळी पडलेली असताना, चार टाके घातले आणि म्हणाला, "चल."

खाली मैदानावर चारशे माणसं जमली होती. रिवका आणि सुलक्षणावहिनी बसनं आल्या होत्या, घोंगडी पांघरून, मांडीवर डबा घेऊन. लढाई ठरल्याप्रमाणे बाराला सुरू झाली. लाल डगल्यांचे इंग्रज टेकडीकडे पाहून, तोफा दिसल्या की घाबरून बोटीत बसणार होते. बोट म्हणून एक जुनी गवताची गाडी उभी होती. साडेबारा झाले. एक झाला. इंग्रज घाबरायला तयार, पण कशाला घाबरायचं ते दिसेना. चहा संपला. बंडखोरांचा सेनापती दातांचा डॉक्टर होता. त्याची बायको दर पाच मिनिटांनी कुंपणाशी येऊन सांगायची, की रविवारची शेवटची बस अडीचला आहे.

"रिवका, तुझे मिस्टर कुठे आहेत गं?" सुलक्षणावहिनींनी विचारलं.

"येतील," रिवका म्हणाली. "सहा वाजेपर्यंत नक्की." आणि पदरानं डोळे पुसले.

दोन वाजून वीस मिनिटांनी बंडखोरांच्या सेनापतीनं टेकडीकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे एकदा पाहिलं, तलवार काढून इंग्रजांच्या सेनापतीच्या हातात दिली आणि बसकडे पळाला. अमेरिका हरली. मग यॉर्कशरच्या त्या चारशे गारठलेल्या माणसांनी जो जल्लोष केला, तसा म्हणे गावात महायुद्ध संपलं तेव्हाही झाला नव्हता. दोनशे वर्षांनी का होईना, हिशेब चुकता झाला. ओहायोहून पाहुणा म्हणून बोलावलेला एक पाद्री मात्र खुर्चीत बसून राहिला. त्याला कोणीतरी सँडविच दिलं.

सव्वातीनला तोफ टेकडीवर आली. मैदानात रिवका, सुलक्षणावहिनी आणि कागदाचे कपटे होते. शिमोननं तोफेचं तोंड मैदानाकडे वळवलं, "थांब" म्हटलं आणि खाली उतरून आला.

"अहो, माझी चूक," रिवका म्हणाली. "मी सहा म्हणाले."

"तू बरोबर सांगितलंस. कुठल्या महिन्याचं ते मी विचारलं नाही." मग त्यानं डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "कोण जिंकलं?"

"इंग्रज," सुलक्षणावहिनी म्हणाल्या. "तुमच्यामुळे."

बुधवारी कमिटी बसली. पबच्या वरच्या खोलीत, टेबलावर तिकोनी टोपी. सगडननं आरोप वाचले: तोफ सव्वातीन तास उशिरा, अमेरिकेची क्रांती फसली, मंडळाचं हसं झालं. यावर खाणीतला तोच माणूस उठून म्हणाला, की शनिवारी आम्ही झोपून राहिलो असतो तर रविवारी साडेअकराला पोहोचलो असतो. वर्तुळ शिमोननं काढलेलं नव्हतं. कॉन्स्टेबलनं शिंकून दुजोरा दिला. ब्रॉडबेंटनी घसा साफ केला. म्हणाले, हसं झालं हे खरं, पण लोकांना लढाई फार आवडली, आणि आणखी तीन गावांनी हीच मागितली आहे. इंग्रज जिंकणारीच हवी, असं कळवलंय.

"मिस्टर वाक्रुळकर," ते पुढे म्हणाले, "तोफ तुमच्याइतकी कोणाचं ऐकत नाही, हे सगळ्यांनी पाहिलंय. टॉमनंही. कप्तानपद तुमचं, टोपी तुमची. एकच अट. लढाया रविवारीच असतात, तेव्हा शुक्रवार-शनिवारी थांबणार नाही, एवढं लिहून द्या."

त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. सगडन खिडकीबाहेर पाहत होता.

शिमोननं टोपी उचलली. आतून उलटी करून पाहिली, बोटानं शिवण चाचपली. डोक्यावर घातली नाही. डॉक्टर शशिधर मागच्या खुर्चीत होते. ते सांगतात, त्यानं ती धरली होती तशी त्यानं आपली पहिली मुलगी जन्मली तेव्हा तिलाही धरली नसेल. मग त्यानं टोपी कागदावर ठेवली आणि म्हणाला, "लढाई मंगळवारी ठेवा. सोमवारी दुपारी चारच्या आत तोफ दारात उभी करतो."